चामड्यावर नावाचा ठसा मारताना या चुका टाळा

पाकिटाची शिवण सरळ, कडा घोटून चकचकीत आणि कोपऱ्यातला नावाचा ठसा मात्र अर्धाच उठलेला. असं काम पाहिलं की वाईट वाटतं, कारण गिऱ्हाईक पाकीट उघडून तिथेच बघतं. ठसा नीट आला नाही की बहुतेक जण दोष हाताच्या जोराला देतात आणि पुढच्या वेळी हातोडा आणखी जोरात हाणतात. खरा घोटाळा बहुतेक वेळा चामड्याच्या ओलाव्यात असतो.

व्हेज-टॅन चामडं, म्हणजे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं, ओलसर असताना ठसा धरतं आणि वाळलं की तो कायम राहतो. कोरड्यावर मारलात तर ठसा उथळ उमटतो, कधी वरचा थर तडकतो. चिंब ओल्यावर मारलात तर त्या क्षणी खोल दिसतो, पण वाळता वाळता अक्षरं पसरट होतात. म्हणून ओल्या स्पंजाने दोन्ही बाजू पुसा, तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन-चार तास ठेवा आणि पाणी आतपर्यंत मुरू द्या. मग बाहेर काढून थांबा. रंग जवळजवळ मूळचा दिसायला लागतो, पण तुकडा गालाला लावला तर गार लागतो. ठसा मारायची वेळ हीच. दाबलेल्या जागी रंग गडद झाला तर ओल बरोबर आहे. डायच्या, म्हणजे नाव कोरलेल्या धातूच्या ठशाच्या, कडेने पाणी वर आलं तर घाई झाली.

एप्रिल-मेमध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली ही वेळ हा हा म्हणता निघून जाते. पंखा बंद करा आणि पिशवीतून एकेकच तुकडा काढा. पावसाळ्यात उलटी अडचण: चामडं वाळता वाळत नाही, आणि पिशवीत दोन दिवस विसरलं तर बुरशी धरते.

ओल्या व्हेज-टॅनला लोखंड लागू देऊ नका. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो, जुन्या काळी शाई अशीच करत. साधी लोखंडी डाय, गंजकी पट्टी, चामड्यावर पडलेला लोखंडाचा कीस, कशानेही निळे-काळे डाग पडतात. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाचा बोळा फिरवून लगेच पाण्याने पुसा, बराच फिका होतो. डाय पितळेचीच करून घ्या.

आता डायबद्दल, कारण मराठी नाव घालणाऱ्यांचं काम इथे हमखास बिघडतं. भांडी बाजारात पेल्यावर नाव कोरतात ते सरळ. डायवर ते उलटं, आरशातल्यासारखं हवं. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, पितळ कोरून घेणार असाल तर फाइलमधली अक्षरं आधी आकारात (आउटलाइनमध्ये) बदलून द्या. नुसता मजकूर पाठवलात आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की ‘त्र्यंबक’मधलं जोडाक्षर फुटतं, हलन्त वेगळे पडतात आणि अनुस्वार भलतीकडे जातो. नमुना कागदावर मागवा आणि आरशासमोर धरून वाचा. रेघ आणि रेघेमधली फट, दोन्ही निदान अर्धा मिलिमीटर ठेवा. त्याहून बारीक ठेवलंत तर ‘भ’ आणि ‘म’ची पोटं भरून जातात, शिरोरेषा चामडं कापते. लहान ठशासाठी ‘गोदा’सारखं मोकळं, दोन अक्षरी नाव सुबक उठतं.

मारताना खाली ग्रॅनाइटचा तुकडा घ्या. लाकडी टेबल उसळी मारतं आणि ठसा दुहेरी येतो. लहान डायला नायलॉनच्या हातोड्याचा एकच ठाम घाव पुरतो. डाय अडीच सेंटिमीटरहून मोठी असेल तर हातोड्याचा नाद सोडा. हाताने दाबायचा प्रेस लागतोच, नाहीतर एक कोपरा खोल आणि एक कोरा राहतो.

ठसा शिवणीआधी, तेल-पॉलिशच्याही आधी मारा. अस्तर चिकटवल्यावर मारलात तर खालच्या जोडाची रेघ वर उमटते, आणि पॉलिशवर पाणी मुरत नाही. पातळ चामडं दाबाने ताणलं जातं, म्हणून मागून चिकटपट्टी लावा आणि अंतिम माप ठसा मारल्यावरच कापा.

क्रोम-टॅनवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यावर, थंड ठसा टिकत नाही, चामडं पुन्हा वर येतं. तिथे तापवलेली डाय आणि फॉइल (उष्णतेने चिकटणारा रंगीत किंवा सोनेरी पातळ पापुद्रा) वापरावं लागतं. तापमान दाखवणारा कंट्रोलर नसेल तर या वाटेला जाऊ नका. त्याच चामड्याच्या कातरणावर १०० अंशांच्या आसपास सुरुवात करून थोडं थोडं वाढवत न्या, दोन-तीन सेकंदच दाबा. व्हेज-टॅनवर गरम डाय वापरायची असेल तर ते कोरडं असू द्या. ओलं व्हेज-टॅन ८० अंशांच्या आसपासच आकसून कडक होतं.

इतकं करूनही ठसा बिघडलाच, तर त्याच जागी दुसऱ्यांदा डाय ठेवू नका, ती तंतोतंत बसत नाही. उथळ असेल तर ओलं करून हाडाच्या पट्टीने घोटा, बराचसा बुजतो. खोल असेल तर वेगळ्या तुकड्यावर चांगला ठसा घ्या, त्याच्या कडा घोटा आणि तो तुकडा वरून शिवून टाका.