फुटबॉल क्लब चालवायला घेताय? या चुका टाळा

आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च फुटबॉल लीग, 2007-08 मध्ये सुरू झाली आणि पहिल्या सहा मोसमांचे सहाही विजेते गोव्याचे होते. धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. पंधरा लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येच्या राज्याने कोलकात्याच्या मोठ्या क्लबांना सहा वर्षं मागे ठेवलं. आणि 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिघांनी त्याच लीगमधून अंग काढून घेतलं. मैदानावर हरून खाली गेले असते तर एवढं लागलं नसतं. आयएसएलला (इंडियन सुपर लीग ही फ्रँचायझींची नवी लीग) वर चढवून आय-लीगला खाली ढकलण्याचा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा बेत त्यांना मान्य नव्हता, आणि त्यांचा राग रास्त होता.

पण महासंघाला दोष देऊन झाल्यावर एक प्रश्न उरतो. इतकी वर्षं जिंकणाऱ्या क्लबांकडे स्वतःच्या कमाईवर तग धरण्याची ताकद का नव्हती? क्लब घेऊ पाहणाऱ्या, नाहीतर गावच्या क्लबाला मोठा स्पॉन्सर आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आधी सोडवायला हवा. माझं मत स्पष्ट आहे. मालकाचा पैसा बंद झाला तर दुसऱ्या दिवशी क्लबात काय उरेल, या एका कसोटीवर प्रत्येक खर्च घासून बघा. खालच्या बहुतेक चुका ही कसोटी न लावल्याने होतात.

दुसऱ्या धंद्याच्या नफ्यावर क्लब उभा करणं

गोव्यात ही चूक सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागाची. आपले मोठे क्लब खाणमालकांच्या घराण्यांनी पोसले, आणि त्यांनी ते मनापासून पोसले. खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, क्लबाला मैदानं दिली. त्या प्रेमावर शंका घेण्याचं कारण नाही. अडचण पैशाच्या वाटेत होती. खनिज निर्यात व्हायचं, नफा व्हायचा आणि त्यातला हिस्सा क्लबाकडे यायचा. सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरणच रद्द झालं. खनिज वाहणाऱ्या बार्ज उभ्या राहिल्या, ट्रक दारात गंजले. अशा काळात मालकाने फुटबॉलचं बजेट आधी कापलं तर त्याला नावं कशी ठेवणार? धेंपो समूहाने तर आपला खाण व्यवसाय 2009 मध्येच सेसा गोवाला 1,750 कोटींना विकला होता, तरी क्लब पुढे दोनदा आय-लीग जिंकला. म्हणजे निष्ठा असेल तर पैसा दुसरीकडूनही येतो. पण निष्ठा ताळेबंदात दाखवता येत नाही.

आज आयएसएलमधल्या एफसी गोवाची मालकी जयदेव मोदींकडे आहे आणि त्यांचा मुख्य धंदा कॅसिनोचा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या धंद्यावर पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागू झाला, सप्टेंबर 2025 मध्ये तो दर 40 टक्क्यांवर गेला. क्लबावर त्याचा काय परिणाम झाला हा वेगळा विषय. मुद्दा असा की खाण असो वा कॅसिनो, गोव्यातल्या बड्या मालकांचे धंदे सरकारी परवान्यावर आणि एका निकालावर हलतात. क्लबाचं बजेट करताना हे धरूनच चाला.

रोग ओळखायचा कसा? पगार सात तारखेचे वीस तारखेवर गेले, आणि विचारल्यावर ‘पात्रांव (मालक) मुंबईला गेलाय, आल्यावर सही होईल’ असं उत्तर मिळालं, की समजा क्लबाचा स्वतःचा गल्ला नाही. इलाज साधा आहे, फक्त मालकाला जड जातो. पुढच्या तीन मोसमांचा मालकाचा वाटा आधी लेखी ठरवा. निदान एका मोसमाचे पगार वेगळ्या खात्यात मोसमाआधीच भरा आणि त्या खात्यावर मालकाच्या एकट्याची सही ठेवू नका. दरवर्षी मालकाचा वाटा थोडा कमी आणि बाहेरची कमाई थोडी जास्त, असं लक्ष्य कागदावर असू द्या.

याच चुकीची एक शाखा आहे. घराण्याचं किंवा कंपनीचं नाव क्लबाला दिलं की दुसरी कंपनी जर्सीवर पैसे घालायला कचरते. दुसऱ्याच्या नावाच्या क्लबावर आपली जाहिरात कोण करणार? नवा क्लब काढत असाल तर नाव गावाचं ठेवा.

आयपीएलचा हिशेब फुटबॉलला लावणं

मुंबईहून येणारे गुंतवणूकदार इथे फसतात. आयपीएलचे 2023 ते 2027 चे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले. म्हणजे वर्षाला साधारण 9,700 कोटी. त्यातला साधारण निम्मा वाटा दहा संघांत वाटला जातो, म्हणजे सरासरी संघाला एकही तिकीट विकण्याआधी 480 कोटींच्या आसपास मिळतात. 2025 च्या मोसमासाठी खेळाडूंवर खर्चाची मर्यादा होती 120 कोटी. असा धंदा तोट्यात घालायला बरीच मेहनत लागेल.

आता भारतीय फुटबॉल बघा. महासंघाने 2010 मध्ये 15 वर्षांसाठी व्यावसायिक हक्क दिले, आणि त्या करारातून अख्ख्या महासंघाला वर्षाला 50 कोटी मिळत होते. एका आयपीएल संघाच्या वाट्याच्या जवळपास दहावा हिस्सा, आणि तोही सगळ्या देशाच्या फुटबॉलसाठी. तो करार डिसेंबर 2025 मध्ये संपत होता. त्याआधी नवा करार ठरला नाही, 2025-26 ची आयएसएल लटकली, बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले, चेन्नईयिनने कामकाज थांबवलं. हक्कांची निविदा काढली तर बोली लावायला कोणी आलं नाही. शेवटी फेब्रुवारी 2026 मध्ये एका फेरीचा आखूड मोसम सुरू झाला.

म्हणून लीगच्या करारातलं वाचायचं पहिलं पान हे: हक्क कोणाचे, किती वर्षांचे, आणि ते संपल्यावर तुमच्या फ्रँचायझी फीचं, म्हणजे लीगमध्ये खेळायला क्लब भरतो त्या रकमेचं, काय होणार. वकिलाकडून एक वाक्य लिहून घ्या की मोसम भरलाच नाही तर फी माफ की परत.

आयपीएलमध्येही सगळ्यांचं भलं झालं असं नाही. 2009 चे विजेते डेक्कन चार्जर्स 2012 मध्ये बीसीसीआयने बाहेर काढले, कोची टस्कर्स तर एकच मोसम खेळले. दोन्ही ठिकाणी वाद मालक आणि बीसीसीआय यांच्यातल्या पैशाचा होता. मैदानाचा त्यात काही संबंध नव्हता.

गेटवरच्या पैशाची स्वप्नं

मडगावचं फातोर्डा स्टेडियम भरलं की अंगावर काटा येतो, आणि त्या आवाजात हिशेब चुकतो. मांडून बघू. स्टेडियमची क्षमता साधारण 19,000. समजा प्रत्येक सामना हाउसफुल्ल आणि तिकिटाची सरासरी 200 रुपये. एका सामन्याचे 38 लाख. 2024-25 सारखे घरचे 12 सामने धरले तर साडेचार कोटी. आयएसएलमध्ये खेळाडूंच्या पगारावर घातलेली मर्यादाच 16 कोटींच्या वर होती. म्हणजे प्रत्येक खुर्ची भरूनही पगाराचा एक तृतीयांशसुद्धा निघत नाही. आणि प्रत्येक खुर्ची भरत नाही.

शिवाय स्टेडियम सरकारी आहे. मालकीचं मैदान असलेला क्लब वर्षभर कमावतो, भाड्याने खेळणारा फक्त सामन्याच्या संध्याकाळी. त्या एका संध्याकाळचा खर्चाचा कागद नवख्या मालकाने एकदा स्वतः ओळ न ओळ वाचावा. भाडं, पोलीस बंदोबस्त, अग्निशमन दलाचा बंब, दोन अँब्युलन्स, डॉक्टर, फ्लडलाइटची वीज आणि वर जनरेटरचं डिझेल, गेटवरची खासगी सुरक्षा, रेफ्रींची व्यवस्था, ड्रेसिंग रूममधला बर्फ, पाण्याचे बॉक्स, मैदानावर रेषा मारणारा, बॉलबॉय पोरांचं खाणं, रात्री कचरा उचलणारी गाडी. यातली कुठलीही ओळ एकटी मोठी वाटत नाही. बेरीज केली की छोट्या सामन्याची तिकीटविक्री तिथेच संपते.

आणि फुकट पास. आमदारांचे, पंचायतीच्या पंचांचे, खात्यातल्या लोकांचे, खेळाडूंच्या नातेवाइकांचे, जुन्या खेळाडूंचे. जुन्या खेळाडूंना पास द्यायलाच हवेत, ब्रह्मानंद शंखवाळकर किंवा ब्रुनो कुतिन्हो यांच्या पिढीने हा खेळ इथे मोठा केला. बाकीच्यांची यादी मोसमाआधी ठरवा, आकडा ठरवा, आणि त्यावर एकही पास वाढवायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला शेजारचा फुकट आलाय हे दिसतं आणि पुढच्या वेळी तोही पास शोधू लागतो.

मग कमवायचं कुठून? दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात गावागावांच्या स्पर्धांना माणसं रस्त्यावर गाड्या लावून जमतात. तिथल्या बेकरीवाल्याला, हॉटेलवाल्याला, मोटारींच्या शोरूमला लाखाच्या आतली छोटी स्पॉन्सरशिप परवडते. मुंबईच्या एका मोठ्या नावामागे वर्षभर धावण्यापेक्षा असे चाळीस जण जोडणं जास्त टिकाऊ. त्यातला एखादा सोडून गेला तर बजेट कोसळत नाही.

एका मोसमात चषक आणायची घाई

चर्चिल ब्रदर्सने 2012-13 ची आय-लीग जिंकली. पुढच्याच मोसमात, जानेवारी 2014 मध्ये, फेडरेशन कप जिंकला, आणि त्याच मोसमात आय-लीगमध्ये तळाच्या भागात राहिले. त्यावर परवान्याच्या निकषांत न बसल्यामुळे राष्ट्रीय लीगबाहेर गेले ते 2017 मध्येच परतले. एका वर्षात इतकं वर-खाली होऊ शकतं, आणि निकष अकादमी, मैदान, हिशेब, कागदपत्रं यांचे असतात. तिथे चषक कामी येत नाही.

इंग्लंडच्या लीड्स युनायटेडची गोष्ट मालकांच्या मुलांना शिकवायला हवी. चॅम्पियन्स लीगचे पैसे येत राहतील असं धरून त्यांनी कोट्यवधी पौंडांचं कर्ज काढून खेळाडू घेतले. 2001 मध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोचले, पुढे पात्रता हुकली, खेळाडू विकावे लागले, आणि 2004 मध्ये संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. बक्षिसाची रक्कम बजेटमध्ये जमेला धरू नका. आली तर बोनस वाटा, उरलेली मैदानाच्या गवतावर घाला.

मालकाने बाकावर बसणं

यावर फार लिहायला नको. 20 डिसेंबर 2015 ची फातोर्ड्याची अंतिम लढत आठवा. एफसी गोवा चेन्नईयिनकडून 3-2 हरला, सामन्यानंतर गोंधळ झाला, आणि आयएसएलच्या नियामक आयोगाने 15 गुणांची कपात, 11 कोटींचा दंड आणि सहमालकांवर बंदी अशी शिक्षा सुनावली. अपिलात गुणकपात मागे घेतली गेली, तरी क्लबाची मालकी त्यानंतर हलली. मालकाची जागा स्टँडमध्ये. संघनिवड, बदली खेळाडू, रेफ्रीशी बोलणं यांतलं काहीही त्याचं काम नाही.

रंग आणि ओळख यांच्याशी खेळूही नका. कार्डिफ सिटीच्या मालकाने 2012 मध्ये निळी जर्सी लाल केली, प्रेक्षकांनी सोडलं नाही, 2015 मध्ये पुन्हा निळी करावी लागली. कोलकात्यात मोहन बागानच्या नावापुढे लागलेलं एटीके हे विलीन झालेल्या क्लबाचं नाव 2023 मध्ये काढावं लागलं.

अकादमीची फाईल हरवणं

लहान क्लबांचं सर्वात मोठं आणि सर्वात मुकाट नुकसान इथे होतं. फिफाच्या नियमानुसार खेळाडूला 12 व्या वर्षापासून घडवणाऱ्या क्लबाला त्याच्या पुढच्या प्रवासात पैशाचा हक्क असतो. परदेशी क्लबाकडे फी घेऊन बदली झाली तर त्या रकमेतले 5 टक्के त्याला 23 व्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत विभागले जातात. पण हे मिळतं कधी? मुलगा तुमच्याकडे कोणत्या मोसमापासून कोणत्या मोसमापर्यंत नोंदलेला होता, हे महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत असेल तर. आमच्या गावागावांत प्रशिक्षक पदरचे पैसे घालून पोरं घडवतात, आणि नोंदणी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून राहते. पोरगा मोठा झाला की दुसऱ्याच क्लबाचं नाव त्याच्या कागदावर असतं.

प्रत्येक मुलासाठी एक फाईल: जन्मदाखला, पालकांची सही, शाळेचा दाखला, वैद्यकीय तपासणी, नोंदणीची छापील प्रत, प्रत्येक मोसमाची तारीख. हे काम महिन्याला दोन दिवस येणाऱ्या कारकुनाने होतं. मालकाने क्लब घेतल्यावर पहिला पगार स्ट्रायकरच्या आधी या माणसाचा सुरू करावा.

सोडून जाण्याची तयारी न ठेवणं

महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, जेसीटी 2011 मध्ये, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये. मोठ्या घरांचे क्लब, चांगले खेळाडू, आणि एका घोषणेत संपले. मालकाला बाहेर पडायचा हक्क आहेच. पण तो कसा बाहेर पडेल हे आत येताना लिहिलं पाहिजे. निदान एका मोसमाची आगाऊ सूचना. क्लबाचं नाव, चिन्ह आणि अकादमीच्या नोंदण्या मालकाच्या कंपनीऐवजी वेगळ्या संस्थेकडे. मैदानाचं लीज क्लबाच्या नावावर, आणि जमीन कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) असेल तर त्या कराराची मुदत मालकाच्या कराराहून लांब. अठरा वर्षांखालच्या मुलांचा पूर्ण मोसमाचा खर्च आधीच बाजूला काढलेला. या चार गोष्टींवर सही करायला जो मालक तयार नाही, त्याच्याकडून पहिल्या वर्षाची जर्सी घ्या, बूट घ्या, पण क्लब त्याच्या नावावर करू नका.