ब्रिटनमध्ये नवीन आहात? बातमीतली ‘मोफत’ सोय आपली आहे का, ते असं तपासा

इथे येऊन दोन-चार आठवडे झाले की बातम्यांचा मारा सुरू होतो. ‘30 तास पाळणाघर मोफत’, ‘विजेच्या बिलाला मर्यादा’, ‘आयएलआर (म्हणजे कायम राहण्याची परवानगी) आता 10 वर्षांनी’. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर हेच मथळे फिरतात. यातलं साफ खोटं फार थोडं असतं. पण बातमी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा वाचक बहुधा इथेच वाढलेला असतो. व्हिसावर आलेल्या माणसाला त्यातलं काय लागू पडतं, हे कित्येकदा शेवटच्या परिच्छेदातही सापडत नाही.

म्हणून आधी स्वतःचा ई-व्हिसा उघडा. यूकेव्हीआय (व्हिसा देणारा सरकारी विभाग) खात्यात लॉगिन केलं की व्हिसाच्या अटी दिसतात. तिथे सार्वजनिक निधी घेता येणार नाही, अशा अर्थाची ओळ असेल, म्हणजे ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’. नोकरीच्या, विद्यार्थी आणि बहुतेक कुटुंब व्हिसांवर ती असतेच. घोडं पेंड खातं ते इथे: ‘पब्लिक फंड्स’ म्हणजे सरकारचा कुठलाही पैसा नव्हे, तर कायद्याने ठरवलेली एक ठरावीक यादी. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाला मदत), चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा भत्ता), हाउसिंग बेनिफिट (घरभाड्याची मदत), पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट (अपंगत्वाचा भत्ता), कमी उत्पन्नावर मिळणारी काउन्सिल टॅक्सची (स्थानिक पालिकेच्या घरपट्टीची) सवलत आणि काउन्सिलचं घर ही त्या यादीतली मुख्य नावं.

एनएचएसचे (सरकारी आरोग्यसेवेचे) उपचार आणि मुलांची सरकारी शाळा त्या यादीत नाहीत. मालकाकडून मिळणारा आजारपणाचा वैधानिक पगार (28 आठवड्यांपर्यंत) आणि बाळंतपणाचा वैधानिक पगार (39 आठवडे) हेही नाहीत. घरात एकच प्रौढ राहत असेल तर काउन्सिल टॅक्समध्ये 25 टक्के सूट मिळते, तीसुद्धा बेनिफिट धरली जात नाही. ‘व्हिसावर आहोत, उगाच काही मागायला नको’ म्हणून हक्काचा पगारही न मागणारे बरेच असतात. त्यात व्हिसाला काडीचाही धोका नाही.

धोका उलट बाजूने आहे. बाळ झालं की चाइल्ड बेनिफिटची माहिती आपोआप हातात पडते, आणि ‘सगळेच भरतात’ म्हणून फॉर्म भरला जातो. आईवडील दोघांच्याही व्हिसावर वरची अट असेल तर तो अटीचा भंग ठरतो आणि पुढच्या व्हिसाच्या अर्जात आडवा येऊ शकतो. दोघांपैकी एकजण ब्रिटिश नागरिक असेल किंवा आयएलआर मिळालेला असेल, तर अर्ज त्या व्यक्तीच्या नावाने करता येतो.

पाळणाघराच्या बातमीत हीच गफलत होते. सप्टेंबर 2025 पासून इंग्लंडमध्ये नोकरदार आईवडिलांच्या 9 महिन्यांपुढच्या बाळांना आठवड्याला 30 तास मिळतात. पण ते वर्षातले 38 आठवडेच. आईवडिलांपैकी एकाचंही समायोजित उत्पन्न 1,00,000 पौंडांच्या वर गेलं तर काहीच मिळत नाही. आणि दोघांपैकी निदान एकाला तरी सार्वजनिक निधीची मुभा हवी. म्हणजे दोघंही नोकरीच्या व्हिसावर असतील तर हा मथळा त्यांच्यासाठी नाही. मात्र 3 आणि 4 वर्षांच्या मुलांना मिळणारे 15 तास सगळ्यांना आहेत, व्हिसा कुठलाही असो. ही सोय जुनी असल्यामुळे तिची बातमी होत नाही, आणि लोक खिशातून पूर्ण पैसे भरत राहतात.

दुसरी चाळणी देशाची. मथळ्यात ‘ब्रिटन’ असलं तरी बातमी फक्त इंग्लंडची असू शकते. आरोग्य, शिक्षण आणि काउन्सिलचा कारभार स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तिथली सरकारं बघतात. इंग्लंडमध्ये डॉक्टरने लिहून दिलेल्या प्रत्येक औषधामागे 9.90 पौंड शुल्क आहे. बाकी तिन्हीकडे शून्य. ग्लासगोत राहून लंडनच्या वर्तमानपत्रातली शाळाप्रवेशाची बातमी वाचली तर तिचा उपयोग नाही. व्हिसा आणि बहुतेक कर यांचे निर्णय मात्र लंडनमध्येच होतात.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रस्ताव आणि नियम यांतलं अंतर. ग्रीन पेपर म्हणजे चर्चेसाठी मांडलेले विचार, व्हाइट पेपर म्हणजे सरकारचा इरादा. नियम बदलतो तो इमिग्रेशन नियमांतल्या बदलांचं निवेदन संसदेपुढे ठेवून, आणि त्यात अंमलाची तारीख असते. 12 मे 2025 च्या व्हाइट पेपरनंतर सगळं त्याच दिवशी बदलल्यासारख्या बातम्या आल्या. प्रत्यक्षात स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा 38,700 वरून 41,700 पौंड झाली ती 22 जुलैला. आयएलआरच्या 10 वर्षांवर तर नोव्हेंबरमध्ये जनमत मागवायला सुरुवात झाली. बातमीत ‘योजना आहे’, ‘विचाराधीन’ असे शब्द दिसले की घाबरून वकिलाला फी देण्याआधी गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळाचं मूळ पान आणि त्यावरची अद्ययावत केल्याची तारीख बघा. सल्ला घ्यायचाच असेल तर तो माणूस सॉलिसिटर आहे का, किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला आहे का, ते तपासा. नोंदणीशिवाय व्यवसाय म्हणून असा सल्ला देणं इथे गुन्हा आहे, मग तो गटातला कितीही जाणता दादा असो.

विजेच्या बिलाचा मथळा वेगळ्या कारणाने फसवतो. ऑक्टोबर 2025 साठी ऑफजेमने (वीज-गॅसचा नियामक) 1,755 पौंडांची मर्यादा जाहीर केली, म्हणजे त्यावर बिल येणारच नाही असं नव्हे. मर्यादा असते युनिटच्या दराला आणि रोजच्या स्थिर आकाराला. तो आकडा वर्षाला 2,700 युनिट वीज आणि 11,500 युनिट गॅस वापरणाऱ्या घराचा अंदाज होता. दर तीन महिन्यांनी तो बदलतो. थंडीत दिवसभर हीटिंग लावलंत तर बिल बिनदिक्कत वर जाईल. घरात शिरलात त्या दिवशीच मीटरचा फोटो काढून ठेवा, नाहीतर आधीच्या भाडेकरूचा वापर तुमच्या नावावर चढतो.

जीपीकडे (घराजवळच्या फॅमिली डॉक्टरकडे) नोंदणी मोफत आहे. तिला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र किंवा व्हिसा लागत नाही. रिसेप्शनवर अडवलं तर एनएचएसच्या संकेतस्थळावरचं हेच वाक्य दाखवा. वृद्ध आईवडिलांसाठी अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाष्या मागा, ऐनवेळी मिळत नाही.

घराजवळचा रस्ता, कचरा, ग्रंथालय यांच्या बातम्या राष्ट्रीय माध्यमांत जवळपास नसतात. त्यासाठी स्थानिक वर्तमानपत्र बघा. त्यातल्या काउन्सिलच्या बातम्यांखाली ‘लोकल डेमोक्रसी रिपोर्टर’ असं दिसेल. या बातमीदारांचा खर्च बीबीसी उचलते. बीबीसीच्या संकेतस्थळावरच्या बातम्या वाचायला टीव्ही लायसन्स लागत नाही. कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण किंवा बीबीसीचा आयप्लेयर बघायला मात्र लागतं, लॅपटॉपवर बघितलं तरी.

काम अडलं तर क्रम पाळा. आधी त्याच खात्याकडे लेखी तक्रार करा आणि ‘अंतिम उत्तर’ मागून घ्या. मग ओम्बुड्समन (तक्रारींची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी). इंग्लंडमध्ये काउन्सिलसाठी एक आणि एनएचएस व सरकारी खात्यांसाठी दुसरा. खात्यांविरुद्धची तक्रार तुमच्या खासदारामार्फतच जाते. तुम्ही मतदार नसलात तरी तुमच्या भागाचा खासदार तुमचाच, फक्त पत्र लिहिताना पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड घाला. तो नसला तर उत्तर येत नाही. माहितीच्या अधिकाराची सवय असेल तर इथेही तसा कायदा 2005 पासून लागू आहे: कुणालाही ईमेलवर माहिती मागता येते, सहसा शुल्क नाही, उत्तराला कामाचे 20 दिवस. भारतात 30 दिवस आणि नागरिकत्वाची अट, इथे ती अटही नाही.

आणि भारतीय पासपोर्टवर राहूनही तुम्हाला मतदान करता येतं. राष्ट्रकुलातले, वैध व्हिसावर इथे राहणारे प्रौढ मतदारयादीत नाव घालू शकतात. अर्ज ऑनलाइन पाचेक मिनिटांचा, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक जवळ ठेवा. ज्या निवडणुकीत फोटो ओळखपत्र मागतात, तिथे भारतीय पासपोर्ट चालतो.