डायची अ‍ॅलर्जी: स्कॅननंतर काय पाहायचं आणि काय लिहून घ्यायचं

सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफीसाठी शिरेतून डाय (आतले अवयव आणि रक्तवाहिन्या चित्रात ठळक दिसाव्यात म्हणून देतात ते औषध, म्हणजेच कॉन्ट्रास्ट) दिला असेल तर पुढचा अर्धा तास तिथेच बसा आणि तोवर हातातली सुई काढू देऊ नका. तातडीच्या रिअ‍ॅक्शन बहुतेक याच वेळात होतात, आणि तेव्हा शिरेत शिरायची वाट आधीच उघडी असणं फार मोलाचं ठरतं. घरी जायची घाई सगळ्यांनाच असते. ती इथे चालत नाही.

स्कॅन विभागात नर्स म्हणून काम करताना ‘डायची अ‍ॅलर्जी’ हे शब्द मी रोज ऐकते. त्यातल्या बऱ्याच जणांना अ‍ॅलर्जी झालेलीच नसते. डाय जाताना अंगातून गरम लाट जाते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्याचा भास होतो, कधी मळमळतं. हा औषधाचा गुणधर्म आहे आणि काही मिनिटांत ओसरतो. सुईच्या जागी हात सुजून दुखू लागला तर डाय शिरेबाहेर झिरपला आहे. तीही अ‍ॅलर्जी नव्हे. हात उंच ठेवा आणि लगेच सांगा. फोड आले, बोटं बधिर झाली किंवा दुखणं वाढत गेलं तर थांबू नका, परत जा.

खरी अ‍ॅलर्जी वेगळी दिसते. अंगावर पित्त उठतं, खाज सुटते, सतत शिंका येतात, पापण्या किंवा ओठ सुजतात. इथवर असेल तर डॉक्टरांना दाखवून लक्ष ठेवायचं. पण आवाज घोगरा झाला, घसा आवळला, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, घेरी आली किंवा माणूस पांढराफटक पडला, तर एकेक मिनिट महत्त्वाचं आहे. यावरचं औषध अ‍ॅड्रेनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, कोसळणारा रक्तदाब सावरत नाही. ‘आधी गोळी देऊन बघू’ हा सल्ला कुणी दिला तर सरळ दुर्लक्ष करा. हे घरी घडलं तर रुग्णवाहिका बोलवा. माणसाला आडवं करून पाय उंच करा. श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उठून चालायला लावू नका. गाडी त्याला स्वतःला चालवू देऊ नका, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. बरं वाटल्यावरही दवाखान्यात काही तास थांबावं लागतं, कारण ओसरलेली लक्षणं पुन्हा उसळू शकतात.

आता घरी गेल्यावरचं. डाय दिल्यानंतर एक तासापासून एका आठवड्यापर्यंत कधीही पुरळ येऊ शकतं. ज्यांना येतं त्यांतल्या बहुतेकांना पहिल्या दोन दिवसांत छाती, पाठ, हातांवर लालसर बारीक पुरळ येतं, खाजतं आणि आठवडाभरात आपोआप जातं. ‘भरपूर पाणी प्या, डाय धुऊन निघेल की पुरळही जाईल’ असं हमखास सांगितलं जातं. पाणी प्यायला हरकत नाही, पण मूत्रपिंडं ठीक असतील तर डाय जवळजवळ सगळा एका दिवसात बाहेर पडलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरळ येतं तेव्हा धुऊन काढायला फारसं काही उरलेलंच नसतं. शरीराची प्रतिकारयंत्रणा उशिरा जागी झालेली असते, इतकंच. पुरळाचे उजेडात फोटो काढा आणि डॉक्टरांना फोन करा. मात्र त्वचेवर फोड आले, साल निघू लागली, तोंडात, डोळ्यांत किंवा जननेंद्रियांवर जखमा झाल्या, ताप आला किंवा चेहरा सुजला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पुरळ दिसलं की लोक थेट डायकडे बोट दाखवतात. पण अँजिओग्राफी किंवा तशाच एखाद्या प्रक्रियेत डायसोबत भूल देणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक, वेदनाशामक, त्वचा पुसायचं क्लोरहेक्सिडीन, हातमोज्यांतलं लेटेक्स असं बरंच काही अंगाशी येतं. यातल्या कशाचीही अ‍ॅलर्जी होऊ शकते. त्या दिवशी दिलेल्या सगळ्या औषधांची यादी वेळांसह मागून घ्या. दोष डायच्या माथी मारून खरा गुन्हेगार मोकळा सुटला तर पुढच्या वेळी तो पुन्हा भेटेल.

इथून पुढचा टप्पा सगळ्यात अवघड, आणि नेमका तोच कुणी नीट करत नाही: झालेली रिअ‍ॅक्शन लिहून घेणं. माझी सगळ्यात जास्त डोकेफोड यातच झाली आहे. समोर रुग्ण टेबलावर झोपलेला, फाइलवर लाल शाईत ‘डाय अ‍ॅलर्जी’, आणि बाकी काही नाही. कोणता डाय? काय झालं होतं? उलटी झाली होती की श्वास बंद पडला होता? नातेवाईक म्हणतात, ‘काहीतरी झालं होतं खरं.’ एवढ्यावर डॉक्टरांनी काय ठरवायचं? मग गरजेचा स्कॅन रद्द होतो, किंवा ज्या औषधाने त्रास झाला तेच दुसऱ्या कंपनीच्या नावाखाली पुन्हा टोचलं जातं. दोन्ही मी पाहिलं आहे.

म्हणून घरी निघण्याआधी, त्याच दिवशी, बाटलीवरचं औषधाचं मूळ नाव मागा. आयोहेक्सॉल, आयोप्रोमाइड, आयोडिक्सॅनॉल, आयोपॅमिडॉल असं काहीतरी असेल. बाटलीच्या लेबलचा फोनवर फोटो काढता आला तर फारच छान. स्कॅनच्या अहवालात पुष्कळदा नुसतं ‘कॉन्ट्रास्ट दिला’ एवढंच असतं, आणि महिन्याभराने नाव शोधायचं म्हणजे जुनी रजिस्टरं उलटायची. ते काम कुणी आनंदाने करत नाही. तुम्ही मागितलंत तर कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या.

नावासोबत मात्रा, किती वेळाने काय झालं, काय दिलं आणि किती वेळात उतरलं हेही हवं. नोंद साधारण अशी दिसली पाहिजे: ‘आयोहेक्सॉल ३५०, ८० मिली, शिरेतून. १० मिनिटांत छाती व पोटावर पित्त, खाज. श्वास व रक्तदाब ठीक. अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शन दिले, तासाभरात उतरले.’ मोजून चार वाक्यं आहेत. पुढच्या डॉक्टरांना यातून जे कळतं ते लाल शाईच्या शिक्क्यातून कधीच कळणार नाही. रिअ‍ॅक्शन गंभीर असेल तर ट्रिप्टेज नावाची, रिअ‍ॅक्शन खरंच अ‍ॅलर्जीची होती का हे ठरवायला मदत करणारी रक्तचाचणी केली का, हेही विचारा. तिचा नमुना त्रास सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांतच घ्यावा लागतो, नंतर उपयोग नाही.

आणि एक वाक्य फाइलमध्ये अजिबात लिहू देऊ नका: ‘आयोडीनची अ‍ॅलर्जी’. थायरॉइडची संप्रेरकं आयोडीनपासूनच बनतात, त्याच्याशिवाय माणूस नीट जगू शकत नाही. रिअ‍ॅक्शन डायच्या संपूर्ण रेणूमुळे येते, त्यातल्या आयोडीनमुळे नाही. कोळंबीची अ‍ॅलर्जी असते ती तिच्यातल्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाची, त्याचा डायशी काही संबंध नाही. जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाने त्वचा लाल झाली असेल तर तोही वेगळा विषय. तरीही आजसुद्धा विचारतात, ‘मासे चालतात ना?’ हा प्रश्न कानावर आला की मला अजून चीड येते. या एका चुकीच्या नोंदीपायी माणसं उगाच मासे सोडतात, जखमेवर योग्य औषध लावू देत नाहीत, आणि ज्याचा धोका होता ते औषध मात्र टाळायच्या यादीबाहेरच राहतं. एमआरआयच्या डायमध्ये तर आयोडीन नसतंच, तो गॅडोलिनियम या धातूचा असतो. सीटीच्या डायने त्रास झाला म्हणून एमआरआयचा डाय नाकारायचं कारण नाही, आणि उलटही नाही. म्हणूनच नुसतं ‘डाय’ लिहिणं पुरत नाही.

पुढचा स्कॅन ठरवतानाच ही नोंद दाखवा. टेबलावर झोपल्यावर नव्हे. सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे त्याच गटातलं दुसरं औषध निवडणं. काही ठिकाणी आधी स्टेरॉइड देतात, आणि प्रचलित पद्धतीत ते स्कॅनच्या १३, ७ आणि १ तास आधी घ्यायचं असतं. दारात उभं राहून गिळलेल्या गोळीने काही साधत नाही. नीट घेतल्यावरही रिअ‍ॅक्शन होऊ शकते, मधुमेह असेल तर साखर वाढते, म्हणून हे डॉक्टरांनीच ठरवायचं. दमा असेल किंवा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तेही सांगा, कारण बीटा ब्लॉकरमुळे अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

थेंबभर डाय टोचून ‘टेस्ट’ करण्यावर माझा विश्वास नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. टेस्ट कोरी गेली तरी पूर्ण मात्रेला रिअ‍ॅक्शन येते, आणि त्या थेंबालाही गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. अ‍ॅलर्जीतज्ज्ञ करतात ती त्वचाचाचणी वेगळी. गंभीर रिअ‍ॅक्शननंतर ती साधारण एक ते सहा महिन्यांच्या आत करून घ्यावी. कोणता डाय टाळायचा आणि कोणता चालेल, हे ठरवायला तिची मदत होते.

घाबरून स्कॅनच नाकारणाऱ्यांसाठी एक आकडा. जपानमध्ये तीन लाखांहून जास्त रुग्णांची नोंद घेणारा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या आयनिक (पाण्यात विरघळल्यावर विद्युतभारित कण होणाऱ्या) डायने ०.२२ टक्के लोकांना गंभीर रिअ‍ॅक्शन झाली होती, तर नव्या बिगरआयनिक डायने ०.०४ टक्के लोकांना. शिरेतून देण्यासाठी आज सर्रास वापरतात ते हे दुसऱ्या प्रकारचे. वडिलांच्या काळातल्या एखाद्या किश्श्यावरून आपला स्कॅन टाळू नका.

चार वाक्यांच्या त्या नोंदीची एक प्रत फाइलमध्ये, एक फोनमध्ये आणि एक तुमच्यासोबत रुग्णालयात येणाऱ्या माणसाकडे ठेवा.