फोन दुकानात आणण्याआधी हे करून पाहा

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, पण आजकाल झेरॉक्सवाले कमी अन् हातात फोन धरून येणारे जास्त. "भाऊ, फोन भरला म्हणते." "भाऊ, नेट दुपारीच संपून राहिलं." "भाऊ, हे काय आलं, पाय बरं." दहा रुपये मागायले लाज वाटते अन् नाही मागितले तर अर्धा दिवस त्यातच जाते, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. वाचता येते त्यांनी वाचा, बाकीच्यांना घरच्या पोट्ट्यांनी वाचून दाखवा.

आमच्या गावात कोणाले विचारा, तुमच्याकडे नेट आहे का, तर निम्मे लोक म्हणतात, "नेट-गिट नाही बापा, फक्त व्हाट्सॲप हाये." हसू नका, त्यांच्या हिशोबानं ते बरोबर आहे. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा तालुक्याच्या कॅफेत तासाचे पैसे देऊन बसायचो, ऑर्कुट उघडायचं, निकाल पाहायचा, काय पाहायचं ते घरूनच ठरवून जायचो कारण मीटर चालू असायचं. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, पुढच्या मार्चपर्यंत नेट फुकट, अन् ज्या माणसानं कधी कॉम्प्युटरचं बटन दाबलं नाही, ईमेल म्हणजे काय माहीत नाही, तो सरळ मोबाईलवरून नेटमध्ये आला. त्यानं काही शोधलं नाही, त्याच्याकडे सगळं आपोआप येत गेलं, मेव्हण्यानं पाठवलं, ग्रुपवर पडलं, बोटानं सरकवलं की पुढचं हजर. आता येते काय अन् कोणाकडून, ह्याचा कासरा आपल्या हातात कसा ठेवायचा, खालचं सगळं तेवढ्याचसाठी आहे.

फोन भरला

परवा माझी मोठी आई आली. फोन ३२ जीबीचा. "नातवाचा फोटो काढाले गेली तं जागाच नाही म्हणते मेला." गॅलरी उघडली तर अकरा हजाराच्या वर फोटो. उगवता सूर्य, गुलाबाचं फूल, चहाचा कप, विठ्ठल, परत गुलाबाचं फूल, शुभ सकाळ, शुभ गुरुवार, अन् त्या ढिगात मधातच कुठंतरी बारशाचे सहा फोटो अन् मोटरपंपाची पावती. म्हटलं, एवढे कशाले ठेवले? तर म्हणे, "मी कुठं ठेवले, आपोआपच येतात." अन् तिचं खरं आहे, व्हाट्सॲप नवीन घेतलं की फोटो आपोआप उतरवायचं बटन आधीपासूनच चालू असते.

तर हे करा. व्हाट्सॲपमध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग, मग स्टोरेज अँड डेटा. तिथं मीडिया ऑटो डाउनलोड लिहिलेलं आहे, त्यात मोबाईल डेटावर, वायफायवर अन् रोमिंगवर अशा तीन ओळी दिसतील, तिन्हीत जाऊन फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट सगळ्यांवरची बरोबरची खूण काढून टाका. आता फोटो आला तर धुरकट दिसेल, पाहावासा वाटला तर बोट लावा तेव्हाच उतरेल. बोललेले मेसेज मात्र ह्यानं थांबत नाहीत, ते येतातच, पण त्यांचं वजन काही नसते. अर्धं नेट इथंच वाचते भाऊ, दीड जीबीचं पॅक दुपारी संपून रात्री बाराची वाट पाहणारे जे आहेत ना, त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं एवढंच आहे.

मग सेटिंगमध्येच चॅट्सच्या आत मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, म्हणजे ग्रुपवरचा कचरा गॅलरीत दिसणार नाही. अन् जुना साचलेला काढायला परत स्टोरेज अँड डेटा, तिथं मॅनेज स्टोरेज. पाच एमबीच्या वरच्या फाइली अन् लय वेळा फॉरवर्ड झालेल्या फाइली तिथं वेगळ्या काढून ठेवलेल्या दिसतात. सुरुवात त्या फॉरवर्डवाल्यांपासून करा, त्यात सहसा घरचं काही नसते.

पण सगळे एकदम सिलेक्ट करून डिलीट दाबू नका. पोट्टे हेच करतात, दोन मिनिटात फोन मोकळा करून देतात अन् मग घरात रडारड. मी मोठ्या आईला बाजूच्या स्टुलावर बसवलं अन् एकेक स्क्रीन दाखवत गेलो. शंभर-दीडशे स्क्रीन झाल्या असतील, एकदम म्हणाली, "थांब, थांब, मागं घे." मोठ्या बाबांचा फोटो होता, त्यांच्या शेवटच्या पोळ्याचा, बैलाच्या शिंगाले बेगड लावून राहिले होते, अंगावर बनियन, तोंड बैलाकडे. कोणीतरी भावकीच्या ग्रुपवर टाकला होता, तिनं पाहिलाही नव्हता. दुकानातल्या मशीनवर त्याची प्रिंट काढून दिली, त्याचे पैसे काही घेतले नाहीत.

जीमेल कोणाच्या नावावर आहे ते पाहा

हे कोणी सांगत नाही. फोन घेतला तेव्हा दुकानदारानं पाच मिनिटात जीमेल बनवून दिला, पासवर्ड त्यानंच टाकला, कागदावर लिहिला तो पिशवीसंगं गेला. चालते दोन-तीन वर्षं. मग फोन विहिरीत पडते नाहीतर बंडीच्या चाकाखाली येते, नवीन फोनात जुने नंबर पाहिजे तर पासवर्ड कोणाले माहीत? तो दुकानदार पण दुकान विकून पुण्याला गेलेला असते.

आजच सेटिंगमध्ये गूगलवर जा, वरती जो ईमेल दिसते तो एका कागदावर लिहा. पासवर्ड आठवत नसेल तर तिथंच बदलून घेता येते, फोन सहसा आपलं बोट नाहीतर स्क्रीनचं लॉक मागते. सिक्युरिटीमध्ये रिकव्हरी फोन म्हणून आपलाच चालू नंबर टाका, पोराचा नको, पोरं नंबर बदलत राहतात. नंबर सिममध्ये न ठेवता गूगलमध्ये सेव्ह करा. अन् कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, ती पिशवी कोणाच्या घरी हरवत नाही.

फॉरवर्ड आला तर

पऱ्हाटी वेचून झाली की आमच्याकडे भावाचे मेसेज सुरू होतात. एका वर्षी शेजारच्या काकांनी व्हिडिओ दाखवला, अमुक बाजारात कापूस एवढ्यानं गेला, आणखी वाढणार, विकू नका. काकांनी कापूस घरात भरून ठेवला, खाज सुटून घरच्या बाया कंटाळल्या, भाव काही आला नाही. नंतर मी तो व्हिडिओ नीट पाहिला तर मागच्या भिंतीवर आदल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. व्हिडिओ खरा, भाव पण खरा, फक्त वर्ष वेगळं.

म्हणून आधी तारीख शोधा. बोलणारा माणूस "आज" म्हणते, "आज" म्हणजे कधी ते सांगत नाही. मग वरती पाहा, एक बाण असेल तर फॉरवर्ड आहे, दोन बाण असतील तर तो मेसेज कमीत कमी पाच हात फिरून आला आहे, म्हणजे तुम्हाले पाठवणाऱ्यालेही मूळ कोणाचं ते माहीत नाही. भावासाठी ग्रुप नको, जिथं माल न्यायचा त्या बाजार समितीत नाहीतर जिनिंगवर सरळ फोन लावा, हिंगणघाटचा भाव वणीले लागू होत नाही.

फवारणीचं तर अजिबात रील पाहून करू नका. "एका पंपाले हे एवढं, त्यात ते तेवढं, बोंडअळी साफ" असं सांगणारे ढीगभर झाले, त्यातले बरेच औषध विकणारेच असतात. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, दवाखान्यातल्या खाटा आम्ही डोळ्यानं पाहिल्या. विचारायचंच असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात जा, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं अन् नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचं सांगणं धरा.

अन् पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आला तर तो पुढं पाठवायचा नाही म्हणजे नाही, "खरं असो का खोटं, सावध राहिलेलं बरं" म्हणून पण नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याले पाच माणसं ह्याच अफवेतून जमावानं मारून टाकली, भिक्षा मागणारे नाथपंथी गोसावी होते ते, सोलापूरकडचे. त्याच महिन्यात व्हाट्सॲपनं आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं, पुढं २०२० मध्ये लय फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. तरी कॉपी करून टाकणारे टाकतातच. संशय आला तर ११२ ले फोन लावा, नाहीतर पोलीस पाटलाले सांगा, ग्रुपवर टाकून काय होते?

लग्नपत्रिका फोनात येत नसते

आली तरी फोटोत नाहीतर पीडीएफमध्ये येते. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके लिहिलेलं असेल तर ते ॲप आहे, दाबलं की फोनात कोणीतरी घुसलं समजा. कधी लग्नपत्रिका म्हणून येते, कधी पीएम किसानची यादी, कधी गाडीचं चालान. सगळ्यात वाईट म्हणजे ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असते अन् त्याच्या नावानं मेसेज दुसराच पाठवून राहिला असते. आमच्या गल्लीतल्या एका भाच्यानं असंच दाबलं, "मामाच्या घरचं लग्न असेल" म्हणून. सकाळी उठला तर खात्यातून साडेअठरा हजार गेले, खताले ठेवलेले.

असं झालं तर पहिले नेट बंद, मग दुसऱ्या फोनवरून १९३० ले फोन, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जेवढ्या लवकर लावाल तेवढी समोरच्या खात्यात पैसे अडकवायची आशा. लाजून दोन दिवस घरी सांगायचं नाही, हे आमच्याकडे लय होते, अन् त्या दोन दिवसात पैसे चार खाती फिरून गेलेले असतात. भाच्यानं दुपारीच फोन लावला, सगळे नाही पण थोडे अडकले.

होऊ नये म्हणून सेटिंगमध्ये शोधाच्या जागी "अननोन ॲप्स" टाका, जी यादी येते त्यात व्हाट्सॲपच्या पुढं परवानगी बंद ठेवा. व्हाट्सॲपच्या सेटिंगमध्ये अकाउंट, मग टू स्टेप व्हेरिफिकेशन, तिथं सहा आकडी पिन टाका, जन्मतारीख नको. लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये आपल्याले माहीत नसलेला कॉम्प्युटर दिसला तर लॉग आउट करा. अन् फोनपे असो का गूगलपे, पिन पैसे द्यायला नाहीतर बॅलन्स पाहायला लागते, पैसे घ्यायला कधीच नाही. पैसे येणार आहेत, पिन टाका, असं कोणी म्हटलं की फोन ठेवून द्या. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा ड्रेस घालून "डिजिटल अरेस्ट" म्हणणाऱ्याले पण तेच, असली अटक कायद्यातच नाही.

ग्रुपचं थोडक्यात. सेटिंग, प्रायव्हसी, ग्रुप्स, तिथं माय कॉन्टॅक्ट्स करा, म्हणजे कोणीही उचलून कुठल्याही ग्रुपात टाकणार नाही. ज्या ग्रुपमधून निघालं तर भावकीत बोलणं होते तो नेहमीसाठी म्यूट करा अन् आर्काइव्हमध्ये टाका, निघायची गरज नाही.

रीलचं मी जास्त बोलत नाही, मीच पाहतो. टिकटॉक २९ जून २०२० ला बंद झालं तेव्हा वाटलं सुटलो, तर महिन्याभरात इन्स्टावर तेच सुरू. सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे, तिथं ॲपले टायमर लावता येते, मी अर्ध्या तासाचा लावला आहे, दोनदा वाढवला पण आहे.

त्यापेक्षा ही दोन-तीन ॲपं फोनात टाका. वीज पडायच्या आधी सांगणारं दामिनी, पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं बनवलं, आपण उभं आहो तिथून वीस-चाळीस किलोमीटरमध्ये वीज चमकत असेल तर इशारा देते, लोकेशन मात्र चालू पाहिजे. आमच्याकडे जून अन् परतीच्या पावसात वावरात वीज पडून दरवर्षी माणसं, ढोरं जातात. हवामानासाठी मेघदूत. पीक पाहणी, म्हणजे वावरात काय पेरलं त्याची सातबाऱ्यावरची नोंद, ती तर २०२१ पासून मोबाईलवरच आहे, अन् ती वावरात उभं राहूनच करा, माझ्या दुकानात बसून होत नाही, किती वेळा सांगितलं तरी लोक सातबारा घेऊन येतात! डिजिटल सहीचा सातबारा पण पंधरा रुपयात स्वतः काढता येते, त्यात माझं गिऱ्हाईक जाते ते जाऊ द्या.

टाइप करता येत नाही म्हणून अडू नका. कीबोर्डवर माइकचं चित्र आहे, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी करा अन् बोला, लिहिलं जाते. मोठ्या आईला शिकवलं. तिनं पहिलंच विचारलं, "काहून रे, पाऊस काहून येऊन नाही राहिला?" त्यानं काहीतरी भलतंच लिहिलं. मग म्हटलं, पेपरातल्यासारखं बोल. तिनं पदर नीट केला, फोन तोंडाजवळ धरला अन् एकेक शब्द तोडून म्हणाली, "पाऊस कधी येणार आहे." बरोबर लिहिलं गेलं.