ब्रिटनमधून महाराष्ट्रातल्या गावाला निधी पाठवताना

आधी गावातली भरवशाची संस्था शोधा, देणग्या नंतर. तिच्याकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचं नियमन करणारा भारतीय कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवीच. प्रमाणपत्र ५ वर्षांचं असतं, मुदत स्वतः तपासा. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या एफसीआरए खात्यातच पाठवायचे. घोळ होतो तो इथेच: उत्साहाच्या भरात कुणीतरी सरपंचांच्या बचत खात्यात रक्कम टाकतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. शाळेतल्या शिक्षकांचा पगार मात्र त्यात धरत नाहीत, म्हणून अंदाजपत्रकात तो वेगळा दाखवा.

ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्यांकडून गिफ्ट एडचा (देणगीवर सरकारी भर मिळवून देणाऱ्या योजनेचा) फॉर्म न विसरता घ्या. १०० पौंडांवर सरकारकडून २५ मिळतात.