ट्युनिकेटचं हृदय उलटं चालतं तेव्हा

सोलापुरात प्राणिशास्त्र शिकणाऱ्याला समुद्र भेटतो तो फॉर्मेलिनच्या बरणीत. तारामासा पांढराफटक, माकुल रबरासारखं, आणि ट्युनिकेट हा पिशवीसारखा समुद्री प्राणी म्हणजे आक्रसलेली गोळी. त्यात कधी रक्त वाहत होतं हे पटतच नाही. मग प्रॅक्टिकलच्या जर्नलमधल्या आकृत्यांवर रक्ताची दिशा दाखवणाऱ्या बाणांवर भिस्त ठेवायची. मीही तेच केलं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ट्युनिकेटची आकृती पुढे सरकवली. "यातली धमनी कुठली?" मी बोट ठेवलं. "आता हृदयानं दिशा बदलली. आता सांगा." माझी वाचाच बसली.

ट्युनिकेटचं हृदय म्हणजे झडपा नसलेली एक नळी. आकुंचनाची लाट काही वेळ एका टोकाकडून निघते, मग हृदय थोडं थांबतं, आणि लाट दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. मघाशी कल्ल्यांकडे जाणारं रक्त आता तिकडून परत येतं. धमनी आणि शीर ही नावंच इथे टिकत नाहीत.

नव्यानं येणाऱ्यांनो, समुद्राची वाट बघू नका, आधी तळ्यावर जा. संभाजी तलाव असो की हिप्परगा, काठच्या गवताजवळचं पाणी बारीक जाळीनं गाळा. डाफ्निया हा गोड्या पाण्यातला इवलासा पारदर्शक जीव मिळाला तर काम झालं. स्लाइडवर कापसाचे दोन-चार धागे ठेवा, म्हणजे तो पळत नाही आणि कव्हरस्लिपखाली चिरडतही नाही. डोळ्याच्या मागे, पाठीच्या बाजूला हृदय फडफडताना दिसेल. तिथेच नजर रोखून धरा. आजूबाजूनं बारीक ठिपके सरकतात, त्या रक्तपेशी. त्यांना नळी नाही. अवयवांमधल्या मोकळ्या जागेतून त्या वाहतात. खुलं रक्ताभिसरण ते हेच. खेकड्यातही रक्त हृदयाभोवतीच्या पोकळीत जमतं आणि ऑस्टियांमधून, म्हणजे हृदयाच्या भिंतीतल्या छिद्रांमधून, आत शिरतं, हे मला डाफ्निया बघितल्यावर उलगडलं.

ऑक्टोपसचा मामला वेगळा. तिथे रक्ताभिसरण बंद प्रकारचं, म्हणजे रक्त नळ्यांमधूनच फिरतं, आणि हृदयं तीन: दोन कल्ल्यांसाठी, एक उरलेल्या शरीरासाठी. रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांब्याचं हिमोसायनिन हे ऑक्सिजन वाहणारं प्रथिन. एवढं पक्कं करून पुढे जा.

पुढच्या वर्षी सहलीत रत्नागिरीला जेटीच्या दोरावर बोटाच्या पेराएवढा पारदर्शक ट्युनिकेट सापडला. समुद्राच्याच पाण्यात, काचेच्या बशीत ठेवून मी मायक्रोस्कोपखाली ठोके मोजत बसले. एकाएकी नळी थांबली. मेला की काय, म्हणून पोटात गोळा आला. मग दुसऱ्या टोकाला हलकीशी थरथर झाली, आणि लाट उलटी चालू लागली.