गच्चीसाठी उष्णतारोधक बोर्ड कसा निवडावा?

मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा 45 च्या पुढे जातो. तिथल्या लश्कर भागात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री जेवणं उरकल्यावरही छताची धग जाणवते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब ती उष्णता सावकाश खाली सोडत राहतो. म्हणून शक्य असेल तर बोर्ड स्लॅबच्या वर, गच्चीवरच घालावा. आतून फॉल्स सीलिंगमध्ये घातला तर स्लॅब तापायचा तो तापतोच.

आधी बोर्डाच्या फोमचा प्रकार ओळखा. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोल: तुकडा मोडला की साबुदाण्यासारखे दाणे सुटे होतात. एक्सपीएस मोडला तर आतून एकसंध, बारीक जाळीचा दिसतो. पीआयआर किंवा पीयूएफ पिवळसर असतो आणि त्याला बहुधा दोन्ही बाजूंनी फॉइल असतं.

मग दुकानदाराकडून डेटाशीट मागून के-व्हॅल्यू, म्हणजे बोर्डातून उष्णता किती सहज जाते तो आकडा, पाहा. ती जितकी कमी तितकं बरं. साधारण ईपीएसची 0.036, एक्सपीएसची 0.030 आणि पीआयआरची 0.023 धरा. मीटरमधल्या जाडीला या आकड्याने भागलं की आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णतेला होणारा रोध, मिळते. 50 मिमी एक्सपीएसची येते सुमारे 1.67; तेवढ्याच रोधासाठी ईपीएस 60 मिमी लागेल, पीआयआर 40 मिमीही पुरेल. भाव विचारताना याच जाड्यांचे विचारा. ‘दोन इंची कितीला?’ असं तिन्हींना विचारलं तर थर्माकोल नेहमीच स्वस्त वाटणार. घरांसाठीच्या सरकारी ऊर्जा-बचत नियमावलीत, म्हणजे इको निवास संहितेत (2018), छताची यू-व्हॅल्यू (छतातून उष्णता किती जाते तो आकडा, आर-व्हॅल्यूच्या उलट) जास्तीत जास्त 1.2 असावी असं म्हटलंय, 1.67 आर-व्हॅल्यूच्या थराने ती 0.6 च्या आत येते.

गच्चीसाठी माझं मत स्पष्ट आहे: एक्सपीएस. तो पाणी जवळजवळ शोषत नाही आणि चांगल्या प्रतीचा बोर्ड चौरस मीटरला 20 टनांहून अधिक दाब पेलतो. ईपीएसच्या दाण्यांमधल्या फटींत पाणी शिरतं, आणि ओला बोर्ड उष्णता नीट अडवत नाही. ईपीएस पाणी न लागणाऱ्या भिंतीत वापरावा. पीआयआर खोलीच्या आतून लावायला उत्तम, कारण जाडी कमी लागते आणि आगीत तो ईपीएस-एक्सपीएससारखा वितळत नाही. तरीही कुठलाच फोम घरात उघडा ठेवू नये. वर जिप्सम बोर्ड हवाच.

जुन्या घरांत दगडी पट्ट्यांचं छत असतं, तिथे घाई करू नका. बोर्डाचं वजन नगण्य, पण त्यावरच्या 50 मिमी कोब्याचं चौरस मीटरला शंभर किलोहून अधिक भरतं. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय मिस्त्रीला हो म्हणू नये.

काम सुरू करताना आधी उतार आणि वॉटरप्रूफिंग. दोन दिवस पाणी भरून खालून ओल येते का पाहा. मग बोर्ड विटांसारखे सांधे चुकवून घट्ट बसवा, सांध्यांवर टेप मारा. सॉल्व्हंटचा गोंद लावू नका: एक्सपीएस आणि ईपीएस दोन्ही त्यात विरघळतात. गॅस टॉर्चची ज्योतही त्यांच्याजवळ नको. बोर्ड उन्हात उघडे पडले तर पिवळे पडून भुगा होतो, म्हणून त्याच आठवड्यात वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), जाळी घालून कोबा आणि शेवटी पांढरी चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांची) करून घ्या. कठड्यालगत मात्र फट ठेवून ती सीलंटने भरा, नाहीतर उन्हात फुगलेला कोबा कठड्याला रेटतो आणि पहिली चीर तिथेच पडते.